जात्यावरच्या गाण्यांचा खाना

पहिल्या दिवशी बिल्टूने माझ्याकडून खैनी मागून खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच वरवंट्याने माझ्या दिराची बोटं चेचली. मधला एक दिवस त्याने आम्हाला विचार करायला दिला होता.

पाटण्याच्या मुसल्लहपुरात आमच्या गल्लीत हातभर भिंत मोकळी सापडायची नाही. सगळीकडे क्लासांची पोस्टरं. एकाने दुसऱ्याचं पोस्टर फाडलं की तिसऱ्याचं डोकं फुटतं. इथे गणिताला पैसे पडतात, रक्त फुकट वाहतं. मी लॉजच्या खालच्या खोलीत राहते आणि वर राहणाऱ्या चोवीस पोरांचा भात-डाळ शिजवते. नवरा लुधियानाला सुताच्या गिरणीत. सोबतीला दीर, सुभग. सहा वर्षं तो पारसनाथ सरांच्या ‘त्रिभुज क्लासेस’मध्ये शिकवत होता. एका मांडवात सातशे पोरं, मागच्यांना फळा टीव्हीवर दिसायचा. एके दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, तुम्ही खरे आहात ना?” त्या दिवशी तो नोकरी सोडून घरी आला.

मग आमच्या खोलीच्या भिंतीला काळा रंग लागला. मोबाइलसमोर उभं राहून सुभग कॅल्क्युलस शिकवू लागला आणि ते नेटवर टाकू लागला, फुकट. आधी मोबाइल विटांच्या ढिगावर ठेवायचा. ढीग दोनदा कोसळला, तेव्हापासून मोबाइल मी धरते. हात हलायला नको म्हणून श्वाससुद्धा मोजून घेते. आणि खालच्या ओठात खैनीची चिमूट ठेवते, म्हणजे मध्येच तोंडातून शब्द निघायला नको. खैनी तोंडात असली की माणूस बोलत नाही, आणि त्याला कुणी बोलायलाही लावत नाही. एवढी रीत आमच्याकडे लहान पोरही जाणतं.

“भौजी, तुमच्या ओठाखाली अख्खं गोदाम मावेल,” सुभग म्हणायचा.

“मावेल, बबुआ. तुझी अक्कल ठेवायची झाली तर अर्धं रिकामंच राहील.”

एकदा तो दोन पदांच्या गुणाकाराचा डेरिव्हेटिव्ह समजावत होता. चार वेळा सांगितलं, चारही वेळा स्वतःच वैतागला. मी कोपऱ्यात जात्यावर सातूसाठी भाजलेले चणे दळत होते. मला त्यातलं एवढंच कळलं, की दोघं आहेत आणि एका वेळी एकानेच फिरायचं. जातं फिरत होतं, तोंडाला आपोआप ओळ आली:

दोघी जावा एका घरी, एक फिरे एक थांबे
मग थांबलेली फिरे, फिरलेली दारी थांबे
दोन्ही फेऱ्यांची बेरीज, सासू करी ओट्यावरी
गुणाकाराच्या घराची, रीत अशी आहे खरी

सुभगने खडू खाली ठेवला. “भौजी, पुन्हा म्हणा.”

तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला माझं एक गाणं. दोन वर्षांत एकशे शहाऐंशी व्हिडिओ झाले. खेड्यापाड्यांतून पोरं खाली लिहायची, ‘सर समजलं, भौजींना प्रणाम.’

बिल्टू आला तो सकाळी दहाला. पारसनाथ सरांच्या फाटकावर बसणारा, मनगटात लाल धागा, पायात पांढरे बूट. उंबऱ्यातच उकिडवा बसला. “भौजी, खैनी आहे का?” मी तंबाखू-चुना मळला, थापटला, पुढे केला. त्याने चिमूट ओठात ठेवली आणि थोडा वेळ गप्प राहिला. मग पिंक टाकून सुभगला म्हणाला, “मास्टरसाब, परीक्षेला बारा दिवस राहिले. सरांनी ‘बारा दिवसांत इंटिग्रेशन’ काढलंय. मांडव अर्धा रिकामा आहे. पोरं म्हणतात, सुभग सर सात व्हिडिओ फुकट टाकणार आहेत.”

“टाकणार आहे,” सुभग म्हणाला.

“ते टाकू नका. आणि आधीचे पुसून टाका. परवापर्यंत.” उठताना त्याने मला हात जोडले. “खैनी झकास होती, भौजी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सुतळीबॉम्ब फुटला. आधी नुसता पांढरा उजेड, मग कानांत शिट्टी. फुटलेल्या पाण्याच्या मडक्याची खापरी माझ्या पोटरीत घुसली. मी ती दोन बोटांनी उपसली, आणि रक्त पाण्यात मिसळून उंबऱ्याबाहेर गेलं. वरच्या मजल्यावर धडाधड कड्या लागल्या. पोरांना तरी काय बोलावं? निम्म्यांची फी पारसनाथ सरांच्या मांडवात अडकलेली. सुभग ठाण्यावर गेला. मुन्शीने कागद पुढे घेतला, नाव ऐकलं आणि कागद पुन्हा मागे सारला. “माझा मुलगा त्यांच्याच क्लासला आहे हो. बारा दिवस शांत राहा ना.”

सुभग परत आला आणि भिंतीवर इंटिग्रेशनचा पहिला धडा लिहायला लागला.

“बबुआ, परीक्षा दर वर्षी येते,” मी म्हणाले.

“पोरं दर वर्षी तीच नसतात, भौजी. यातल्या कितीजणांना घरचे म्हणालेत, एवढी एकच खेप, नाहीतर वीटभट्टी. इंटिग्रेशनशिवाय ती काठावरून घसरतील.”

मी मोबाइल उचलला.

तिसऱ्या दिवशी ते तिघं होते. या वेळी बिल्टूने खैनी मागितली नाही. एकाने सुभगचे केस धरले, दुसऱ्याने कमरेत गुडघा रोवला, आणि दोघांनी त्याला पाट्याजवळ ओढत नेलं. पाट्यावर मी नुकतीच मोहरी वाटली होती. त्या पिवळ्या वाटणात त्याचा उजवा पंजा दाबून धरला. बिल्टूने वरवंटा उचलला, हातात तोलून पाहिला.

“खडू कुठल्या बोटांत धरता, मास्टरसाब?”

सुभगच्या बोटांना लागलेला खडू बोलला.

पहिला घाव अंगठ्याशेजारच्या बोटावर. सुकी काटकी मोडावी तसा आवाज. दुसरा मधल्या बोटावर, तिथे आवाज ओला होता. तिसऱ्या घावाला सुभग ओरडला, आणि त्या ओरडण्यात माझ्या आईचा आवाज होता, प्रसूतीच्या वेळचा, जो मी दाराआडून ऐकला होता. मोहरीवर रक्त सांडलं आणि झणका उठला. तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मोहरीने रडवलं त्यांना, दुसऱ्या कशाने नाही.

मग बिल्टूने मोबाइल माझ्यापुढे धरला. “तुझ्या हाताने पूस.”

परवा मी ‘भौजी’ होते, आज ‘तू’ झाले.

“मला यातलं इंग्रजी वाचता येत नाही.”

“अख्खं खातं पुसायला कुठे दाबायचं ते मी दाखवतो. नाहीतर डावा हातही आहेच.”

मी दाबलं. एकदा दाबलं, मोबाइलने पुन्हा विचारलं, पुन्हा दाबलं. दोन वर्षं हात न हलवता धरलेलं सगळं दोनदा बोट टेकवून गेलं. बिल्टूने वरवंटा पाट्यावर नीट उभा ठेवला, जसा मी ठेवते तसा, आणि तिघं निघून गेले.

मोठ्या इस्पितळात गर्दी होती. डॉक्टरांनी पहिल्या बोटाचं पेर काढून टाकलं. उरलेल्यांना प्लास्टर घालायला शिवपूजन नावाचा म्हातारा होता. पट्ट्या भिजवत, गुंडाळत, आपल्याच नादात गुणगुणत होता. मी सुभगचं डोकं मांडीवर धरून बसले होते. गुणगुण कानावर पडत होती आणि बराच वेळ कळलंच नाही, की ही ओळ ओळखीची आहे.

‘...मग थांबलेली फिरे, फिरलेली दारी थांबे...’

“हे कुठलं गाणं, बाबा?” मी विचारलं.

“हे? बायकांचं, जात्यावरचं. माझ्या नातीने लावून लावून डोकं उठवलंय. डोक्यावर सातूचं पोतं आणि कानात हे. गाणं संपलं की एक माणूस काहीतरी बडबडतो आणि ही वही काढून लिहीत बसते. तिला म्हटलं, गाणं ऐकायचं तर ऐक की, उतरवून काय घेतेस!”

“नेटवरून ऐकते?”

“कुठलं नेट, आमच्या मसौढीत! दहा रुपयांत कार्ड भरून आणलंय. भजनं, बिरहा, छठची गाणी आणि ही जात्यावरची.”

सुभगने डोळे उघडले. भूल पुरती उतरलेली नव्हती. “इम्तियाज,” तो म्हणाला आणि हसायला लागला. हसताना हात हलला, तसा कळवळला, आणि पुन्हा हसला.

इम्तियाजचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मोबाइलचं मेमरी कार्ड गाण्यांनी, सिनेमांनी भरून देतो. तेव्हा नेट चिमटीने मिळायचं, सगळा मुलूख कार्डावर चालायचा. इथून भरलेलं कार्ड बसने मसौढीला जाई, तिथला दुकानदार ते उतरवून घेई, त्याच्याकडून पुढचा. सुभग इम्तियाजवर दोन वर्षं चिडून होता. एकदा भांडायला गेला होता, “माझे धडे तू गाण्यांत का टाकतोस?” इम्तियाज म्हणाला होता, “सुरुवातीला बाई गाते, मागे जात्याची घरघर. आता मी ते गाण्यांत नाही तर कुस्तीत टाकू?”

त्या संध्याकाळी मी त्याच्या दुकानात उभी राहिले. त्याने संगणक उघडून दाखवला. छठच्या गाण्यांखाली, बिरह्याच्या वर, जात्यावरच्या गाण्यांचा खाना, म्हणजे फोल्डर. त्यात आमचे जवळजवळ सगळे. कुणाकुणाच्या बाळ झाल्यावरच्या सोहराच्या, कुणाच्या लग्नाच्या गाण्यांशेजारी आमच्या दोघी जावा फिरत होत्या.

“रागावू नका, भौजी,” इम्तियाज म्हणाला. “दहा रुपये मी घेतले खरे.”

“बिल्टूने विचारलं कधी?”

“बिल्टू?” तो हसला. “बिल्टू फक्त नाचाची गाणी भरतो. या खान्यात मिशी असलेला माणूस डोकावत नाही.”

घरी येऊन सुभगला सांगितलं. त्याने डाव्या हाताने प्लास्टर उचलून उशीवर ठेवलं. “सगळे आहेत. फक्त इंटिग्रेशन नाही. नेमकं तेच नाही.”

“मग करू.”

“कुणाच्या हाताने?”

“तुझा भाऊ लुधियानाला बसलाय. या घरात हात कुणाचे उरलेत, मोज.”

मोबाइल पुन्हा विटांवर ठेवला. ढीग या वेळी चुना लावून पक्का केला. सुभग खाटेवर बसून सांगायचा, मी भिंतीवर लिहायची. मी सातवीपर्यंत शिकलेली. आकडे येतात, पण ते लांबट वाकडं चिन्ह पहिल्यांदा काढलं तेव्हा सुभग म्हणाला, “भौजी, हा इंटिग्रल आहे, मेलेला साप नाही.”

“मेलेला असेना. तू उत्तर सांग.”

सहा दिवसांत सहा धडे झाले. दारं-खिडक्या लावून, पोरं क्लासला गेली की. रोजचा धडा रोज कार्डातून इम्तियाजकडे. सातव्या दिवशी शेवटचा धडा; त्या दिवशी काही पोरं क्लासला न जाता वर कड्या लावून अभ्यास करत होती. गणित संपलं, मी खडू ठेवायला गेले.

“थांबा. शेवटी ‘अधिक सी’ लिहायचं. पोरं हेच विसरतात आणि गुण जातात.”

“हा सी कोण?”

सुभग उशीला टेकला. चेहरा तापाने लाल. “भौजी, एखादी गोष्ट जागची हलतच नसेल तर तिचा फेरा किती?”

“काहीच नाही.”

“म्हणजे फेरे मोजताना ती हिशोबातून पुसली जाते. आता इंटिग्रेशन म्हणजे त्याच वाटेने उलटं येणं. फेऱ्यांवरून मूळ शोधायचं. पण जे पुसलं गेलं ते केवढं होतं, हे फेऱ्यांना ठाऊक नसतं. म्हणून त्याच्या नावाने एक जागा ठेवायची.”

मी भिंतीकडे बघितलं. मग त्याच्या प्लास्टरकडे, जिथे एक बोट इतरांपेक्षा आखूड होतं. मोबाइल चालूच होता. मी जात्याचा खुंटा धरला आणि दाणे नसताना नुसतंच जातं फिरवलं.

अंगणातला गं खांब, किती फिरवा फिरेना
फेऱ्यांच्या वहीत बाई, नाव त्याचं गं उरेना
उलट्या वाटेनं येता, खांब आठवेना किती
त्याच्यासाठी एक जागा, मोकळी गं ठेव हाती

आणि मी ‘अधिक सी’ लिहिलं. सुभगने मान हलवली. झालं, असं तो म्हणतोय तोवर गल्लीत मोटारसायकलचा आवाज आला. तो आवाज मी आता झोपेतही ओळखते.

कुणीतरी सांगितलं असणार, की भिंतीवर रोज नवं लिहिलेलं दिसतं. मी मोबाइल उचलला, रेकॉर्डिंग थांबवलं, नखाने कड उचकटून कार्ड बाहेर काढलं. करंगळीच्या नखाएवढं. कनवटीला लावावं तर झडती घेतील. पाट्याखाली ठेवावं तर पाटा त्यांना ठाऊक आहे. दाराला लाथ बसली तेव्हा मी ते खालच्या ओठात ठेवलं होतं, खैनीच्या जागी.

दुसऱ्या लाथेला कडी तुटली.

“उजवा झाला,” बिल्टू आत येत म्हणाला, “डावा बाकी आहे.” आणि खाटेकडे वळला.

वरवंटा माझ्या हातात कधी आला ते आठवत नाही. त्याने सुभगच्या डाव्या हाताला हात घातला होता, तेव्हा मी दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर मारला, लाल धाग्यावर. मसाला वाटताना पूर्ण अंगाचा भार द्यायचा असतो, तो दिला. हाड मोडलं ते मला तळव्यात कळलं. बिल्टू खाली बसला आणि आईच्या नावाने ओरडला.

उरलेल्या दोघांनी मला धरलं. एकाने केस मुठीत गुंडाळून डोकं भिंतीवर आपटलं, नेमकं ताज्या खडूवर. दुसऱ्याची लाथ बरगडीत बसली. श्वास बाहेर गेला तो परत येईना. दातांनी ओठ आतून दाबून धरला होता, तो सोडला नाही. सुभग खाटेवरून खाली पडून सरपटत येत होता, त्याच्या प्लास्टरवर कुणीतरी पाय दिला.

बिल्टूने डाव्या हाताने वरवंटा उचलला आणि मोबाइल चेचला. काच उडाली, पत्रा वाकला, आतल्या हिरव्या पट्टीचे तुकडे झाले. तो पिठासारखा होईपर्यंत मारत राहिला. मग माझ्यासमोर आला.

“आणखी कुठे ठेवलंय? बोल!”

मी ओठ आणखी घट्ट मिटला.

त्याने बुटाने माझी हनुवटी वर केली. “बोल म्हणतो ना!”

“अरे, तिच्या तोंडात खैनी आहे,” मला धरलेला म्हणाला. “ओठ बघ ना. कशी बोलेल?”

“मग थुंक!”

त्याने मोडक्या हाताचा सगळा राग डाव्या हातात आणून माझ्या गालावर मारला. डोळ्यांपुढे पुन्हा तो पांढरा उजेड आला, बॉम्बचा. काहीतरी तुटलं, तोंड खारट झालं. मी जीभ खालच्या ओठावर घट्ट रोवली आणि थुंकले. लाल रक्त, आणि त्यात एक दात. तो घरंगळत बिल्टूच्या पांढऱ्या बुटाशी गेला. तिघंही त्या दाताकडे बघत राहिले.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर एक कडी सरकली. मग दुसरी. खाली कुणी आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण जिन्याच्या कठड्यावर एकेक चेहरा येऊन उभा राहिला आणि बाजूला झाला नाही. त्यांच्यात पारसनाथ सरांच्या पहिल्या बाकावरची पोरंही होती. एकाने हळूच विचारलं, “सर, शेवटचा धडा झाला का?”

बिल्टूने वर पाहिलं. मनगट छातीशी धरलं. “चला,” म्हणाला. “मोबाइल संपलाय. काही उरलं नाही.”

मोटारसायकल गेली. सुभग जमिनीवरूनच विचारत होता, “भौजी, गेलं ना? सातवा गेला ना?” मला उत्तर देता येत नव्हतं. मी त्याच्या केसांवर हात ठेवला आणि उठले. भिंतीला धरत, गल्ली ओलांडून, पदर तोंडाशी दाबून.

इम्तियाजच्या दुकानात मसौढीच्या बसचा कंडक्टर कार्ड भरून घ्यायला थांबला होता. मला बघून दोघंही उभे राहिले. मी ओठ खाली ओढला आणि कार्ड तळहातावर काढलं. रक्ताने माखलेलं. इम्तियाजने ते तांब्याच्या धारेखाली धुतलं, सदऱ्याने टिपलं, फुंकर मारली, दिव्याजवळ धरून वाळवलं. आत सरकवलं. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. फिरणारं चक्र फिरतच राहिलं. मला वाटलं, हा शून्याचा फेरा आहे.

मग धडा उघडला, इम्तियाजने तो शेवटाकडे सरकवला आणि जात्याची घरघर ऐकू आली. रिकाम्या जात्याची, दाणे नसलेल्या.

“कुठे टाकू, भौजी?” इम्तियाजने विचारलं, जसं काही ठाऊकच नव्हतं.

मी बोट ठेवलं. पडद्यावर रक्ताचा एक ठिपका उमटला, छठच्या गाण्यांखाली, बिरह्याच्या वर.

कंडक्टरने आपलं कार्ड पुढे केलं. “माझ्या कार्डात हेच आधी भरा,” तो म्हणाला. “पाचची गाडी आहे.”